पान किती तास ओलं होतं?

ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिकच्या दिंडोरी-निफाडमधल्या द्राक्षबागांत कोवळ्या फुटीचे पोंगे बाहेर पडले आणि आभाळ भरून आलं, की बागायतदाराची झोप उडते. पाऊस किती मिलिमीटर झाला, याहून त्याला छळतो तो दुसराच प्रश्न: पाऊस थांबल्यावर पानं किती तास ओली राहिली? कारण द्राक्षांवरचा डाऊनी हा रोग पोहत येतो.

हे शब्दशः खरं आहे. डाऊनीचा रोगकारक प्लाझ्मोपारा विटिकोला. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण खऱ्या बुरशीपेक्षा तो तपकिरी शैवालांचा जवळचा नातलग. दमट रात्री पानाच्या खालच्या अंगाला पांढरी लव धरते. तिच्यातले बीजाणू वाऱ्याने दुसऱ्या पानावर गेले आणि तिथं पाण्याचा पातळ थर मिळाला, की ते फुटून दोन-दोन शेपट्यांचे सूक्ष्म जीव बाहेर पडतात. त्या थरात ते पोहतात, पर्णरंध्र गाठतात, शेपट्या टाकून देतात आणि पानात शिरतात. त्याआधी पान वाळलं, तर सगळे जागीच संपतात. एका एकराचं वर्षभराचं उत्पन्न कधी कधी असं काही तासांच्या ओलाव्यावर ठरतं!

हा ओलावा मोजता येतो. मांडवात पानांच्या बरोबरीनं एक छोटी पट्टी बसवतात. तिच्यावर धातूच्या दोन रेषा फणीच्या दातांसारख्या एकमेकींत शिरलेल्या असतात, पण कुठंही टेकत नाहीत. दंव किंवा थेंब पडला, की पाणी त्यांना जोडतं आणि विजेचा अडथळा घटतो. ओलं की कोरडं, एवढंच पट्टी सांगते. ओल्या तासांना तापमानाची जोड दिली, की धोका किती ते कळतं: लागण व्हायला उबदार हवेत थोडे तास पुरतात, गार हवेत जास्त लागतात. मग औषध भीतीपोटी मारावं लागत नाही. खर्च वाचतो, निर्यातीच्या मालात औषधाचे अंश (रेसिड्यू) उरण्याची धास्तीही कमी होते.

पट्टी पानांजवळच हवी, कारण पिकाजवळची हवा वेगळी असते. हे पुण्यात फार पूर्वी ओळखलं गेलं. भारतीय हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग तिथं 1932 साली सुरू झाला. त्याचे धुरीण एल. ए. रामदास यांना एक अजब गोष्ट आढळली. शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसते, ती वीत-दोन वीत वर असते! जगभरातल्या शास्त्रज्ञांना आधी हे पटेना. आज त्या थराला रामदासांचंच नाव आहे.

अशा बारीक नोंदींची गरज आता जास्त आहे, कारण हंगामाचं जुनं वेळापत्रक मोडलं आहे. हवा एक अंशानं तापली, की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. अरबी समुद्रही तापतो आहे. 2019 साली तिथं क्यार आणि महा ही चक्रीवादळं पाठोपाठ आली. नाशिकच्या बागा तेव्हा ऐन पोंगा-फुलोऱ्यात होत्या. लांबलेल्या पावसात घडच्या घड कुजले.

मदतीला माणसं आणि संस्था आहेत. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानाच्या अंदाजावरून रोगांचा सल्ला देतं. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी सभासदांपर्यंत तांत्रिक ज्ञान पोचवते. राज्याच्या महावेध प्रकल्पात 2017 पासून महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. हे काम मोठं आहे. तरीही एका मंडळात अनेक गावं येतात, आणि नदीकाठच्या बागेतलं दंव माळावरच्या बागेत पडतंच असं नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मंडळाच्या केंद्राची रोजची नोंद सकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली जावी, आणि ज्याला एकट्याला यंत्र परवडत नाही, त्याच्या शेतकरी गटाला पान-ओलावा मोजणारं एक यंत्र अनुदानातून मिळावं. पुढच्या ऑक्टोबर छाटणीआधी एवढं तरी करा.