केंद्रकाशेजारचा ठिपका

गाल, कपाळ, पापणी, हात. वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या अशा जागी एक लालसर किंवा जांभळट गाठ येते. ती दुखत नाही, पण आठवड्याआठवड्याला वाढते. गळू समजून माणूस मलम लावत बसतो. क्वचित ती मर्केल पेशींच्या कॅन्सरची गाठ निघते. हा आजार मुख्यतः गोऱ्या, वयस्कर माणसांचा. ऑस्ट्रेलियात अधिक, आपल्याकडे अगदी विरळ. पण तो जवळच्या लसिका ग्रंथींत फार लवकर शिरतो.

गाठीत बारीक सुई घालून पेशी ओढून घेता येतात आणि काचपट्टीवर पसरून रंगवता येतात. टाका पडत नाही. खरी कसोटी असते ती सूक्ष्मदर्शकापाशी. लहान, गोल पेशी, पेशीद्रव नावापुरते, केंद्रके एकमेकांना रेटून बसलेली, त्यांच्यात मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे कण. फुफ्फुसाचा एक कॅन्सर हुबेहूब असाच दिसतो; लिम्फोमाही चकवतो. तिन्हींचे उपचार वेगळे, त्यामुळे इथली चूक रुग्णाला महागात पडते.

म्हणून पॅथॉलॉजिस्ट केंद्रकाशेजारी एक ठिपका शोधतो. केराटिनच्या तंतूंची ती गुंडाळी. 'सीके-२०' हे प्रथिन दाखवणारा रंग दिला की मर्केलच्या बहुतेक गाठींत हा ठिपका उठून दिसतो. फुफ्फुसाच्या त्या कॅन्सरमध्ये सहसा 'टीटीएफ-१' उमटते, मर्केलमध्ये नाही. या चाचण्यांना पुरेशा पेशी लागतात. एकाच काचपट्टीवर भागत नाही. सुईतला उरलेला ऐवज मेणाच्या ठोकळ्यात जपावा लागतो.

फ्रीड्रिश मर्केल यांनी १८७५ मध्ये त्वचेतल्या स्पर्शपेशी वर्णिल्या. सिरिल टोकर यांनी हा कॅन्सर वेगळा ओळखला तो १९७२ मध्ये. २००८ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांना दहापैकी आठ गाठींत एक नवाच विषाणू सापडला. गाठ खरोखर मर्केल पेशींतूनच उगवते का, यावर मात्र अजून एकमत नाही.

'गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. बारीक सुईने तसे होणे अत्यंत दुर्मीळ आहे. वाट पाहण्यातला धोका कितीतरी मोठा. तेव्हा न दुखता झपाट्याने वाढणारी गाठ असेल, तर तपासणीला नाही म्हणू नका. आणि गाठ कधी आली, किती वेगाने वाढली, पूर्वी एखादी काढली होती का, मूत्रपिंड बदलले आहे का, हे नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्या.