एकाला चाळीसचा भाव!

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार लॉन, पांढरी टोपी आणि रविवारी सकाळी क्लायंटला घेऊन निघालेला बॉस! पण ब्रिटनमध्ये जुलैत ‘द ओपन’ सुरू झाली की टीव्हीसमोरच्या कित्येकांचं अर्धं लक्ष खिशातल्या स्लिपवर असतं. तिथे अठरा पूर्ण झालेल्या कुणालाही लायसन्सवाल्या दुकानात पैज लावता येते. (आपल्याकडे नको हं! महाराष्ट्रात १८८७चा जुगारबंदी कायदा आहेच, आणि २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवरही बंदी आलीय.) ऑनसाइटला लंडनला गेलेल्या मैत्रिणीने ऑफिसमधल्या पैजांचं गणित मला विचारलं आणि मी कागद-पेन घेऊन बसले.

पहिली गोष्ट, क्रिकेटचं डोकं इथे चालत नाही. तिथे दोन टीम्स, इथे तब्बल १५६ खेळाडू! गुरुवार ते रविवार ७२ होल्स. शुक्रवारी ‘कट’ लागतो. पहिले ७० आणि त्यांच्या बरोबरीतले राहतात, बाकीचे घरी. २००३ साली सँडविचला कोण जिंकलं? बेन कर्टिस, जगात ३९६वा, आयुष्यातली पहिलीच मेजर! आघाडीवरच्या थॉमस ब्यॉर्नला सोळाव्या होलवर बंकरमधून बाहेर यायला तीन फटके लागले आणि सगळंच फिरलं.

आता भाव. ४०/१ म्हणजे एका पाउंडावर चाळीस पाउंड नफा. म्हणजे बुकीच्या मते ४१ मध्ये एक चान्स. पण सगळ्या खेळाडूंचे असे चान्स टक्क्यांत मांडून बेरीज केली तर ती शंभराच्या वर जाते. ते वरचं बुकीचं!

जिंकणारा शोधणं इतकं कठीण, म्हणून लोक ‘ईच-वे’ घेतात. दहा पाउंड ईच-वे म्हणजे खरं तर वीस पाउंड जातात, हे नवख्याला काउंटरवरच कळतं. दहा जिंकण्यावर, दहा समजा पहिल्या पाचात येण्यावर, तेही एक-पंचमांश भावाने. ४०/१चा गडी चौथा आला तर पहिले दहा बुडाले, दुसऱ्या दहांचे ८/१ ने नव्वद परत. नफा सत्तर. मस्त ना? पण फेव्हरिटवर, ६/१ ला, हेच केलं तर बावीस परत येतात. वीस घालून बावीस! चार दिवस नखं खाऊन दोन पाउंड.

खरी गंमत ‘डेड हीट’मध्ये. पाचव्या जागेवर तिघं बरोबरीत आले तर जागा एकच, म्हणून तुमच्या दहा पाउंडांचा तिसरा हिस्साच धरतात. नव्वदऐवजी हातात तीस. गोल्फमध्ये अशा बरोबऱ्या रोजच्याच, म्हणून नियम आधी वाचायचे.

मैत्रिणीला मी ‘मॅचअप’ सुचवला. दोन खेळाडूंपैकी कोण पुढे राहील, एवढंच. त्यातही आधी टी-टाइम बघ म्हटलं. ओपन समुद्राकाठच्या कोर्सवर होते. गुरुवारी सकाळी खेळलेले शुक्रवारी दुपारी खेळतात, बाकीचे उलट. नेमका एका गटाच्या वाट्याला वारा आला, तर कितीही मोठं नाव असो, त्याचे फटके वाढतातच.