मुळा-मुठेच्या खालच्या अंगाला : हडपसर आणि पुण्याचा पाण्याचा कारभार

पुण्याच्या इतिहासाचे बहुतेक लेखन कसब्यापासून सुरू होते, शनिवारवाड्याभोवती फिरते आणि फार तर मुळा व मुठा जिथे एकत्र येतात त्या संगमापर्यंत जाऊन थांबते. नदी मात्र तिथे थांबत नाही. संगमाखाली ती मुळा-मुठा या जोडनावाने पूर्वेकडे वळते आणि बंडगार्डन, मुंढवा, मांजरी, थेऊर अशी गावे मागे टाकत रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते. हडपसरचे जुने गावठाण या प्रवाहाच्या दक्षिणेला, काठापासून थोडे आत, सोलापूरच्या रस्त्यावर वसलेले आहे. त्याचा खरा नदीकाठ म्हणजे मुंढवा, केशवनगर आणि मांजरी. शहराने धरणातून किती पाणी उचलले, त्यातले किती वापरून सोडले, कोणत्या अवस्थेत सोडले आणि आपली हद्द कुठवर ताणली, या चारही प्रश्नांची उत्तरे या खालच्या अंगाला उमटतात. म्हणून पुण्याच्या कारभाराची परीक्षा करायची असेल, तर ती शनिवारवाड्यापेक्षा हडपसरमध्ये अधिक प्रामाणिकपणे करता येते.

इसवी सन ७५८ आणि ७६८ या वर्षांच्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांत पुण्याचा उल्लेख ‘विषय’ म्हणून, म्हणजे अनेक गावांच्या महसुली विभागाचे केंद्र म्हणून येतो. नगर आणि भोवतालची गावे यांचे नाते त्या काळी महसुलाचे होते, आणि पुढे हवेली तालुक्याच्या रूपाने ते शतकानुशतके टिकले. गाव पाटील-कुलकर्ण्यांच्या हाती आणि धाऱ्याचा हिशेब वरच्या कचेरीत, अशी ही व्यवस्था होती. हडपसरला या व्यवस्थेत एक जास्तीचे महत्त्व होते ते रस्त्यामुळे. आजही आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी हडपसरपासून दिवे घाटाने सासवडकडे जाते, तर तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या मुक्कामाला निघते.

पेशवाईत शहराचा कारभार पेठांमध्ये विभागलेला होता. प्रत्येक पेठेचे शेटे-महाजन व्यापार आणि वसाहतीचे पाहत, आणि सर्वांवर कोतवाल असे. बंदोबस्त, बाजारातील वजनेमापे, खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि किरकोळ न्यायनिवाडा ही त्या अधिकाऱ्याची कामे होती. या सत्तेचा गैरवापर किती होऊ शकतो, हे घाशीराम कोतवालाच्या १७९१ मधील अंतामुळे सर्वांना ठाऊक झाले. पाण्याच्या बाबतीत मात्र पेशव्यांची दृष्टी लक्षात घेण्यासारखी होती, कारण नानासाहेबांच्या काळात बांधलेल्या कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी हौदांत येणारे पाणी शहर पीत होते. त्यामुळे नदी पिण्यासाठी अपरिहार्य नव्हती आणि मुठेचे सगळे पाणी खालच्या गावांकडे आपसूक वाहत जात होते. वरचे आणि खालचे यांच्यात पाण्याचा तंटा उद्भवण्याची वेळ अजून यायची होती.

त्याआधी हडपसरच्या माळावर एका वेगळ्या तंट्याचा निकाल लागला. दुसऱ्या बाजीरावाने १८०१ मध्ये विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्याचा भाऊ यशवंतराव होळकर फौज घेऊन पुण्यावर चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसर परिसरात त्याने पेशवा व दौलतराव शिंदे यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला, तेथून वसईला पोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तो इंग्रजी फौजेच्या आश्रयाने गादीवर परतला. राजकीय इतिहासात या लढाईचे स्थान मोठे आहेच, पण कारभाराच्या इतिहासातही तिला जागा हवी, कारण शहराचा धनी आपल्या शहराचे रक्षण करू शकत नाही हे तिने उघड केले, आणि १८१७ मध्ये खडकी व येरवड्याच्या लढायांनंतर पुणे इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले तेव्हा निम्मे काम आधीच झालेले होते.

कंपनीच्या राज्यात एका शहराची दोन शहरे झाली. जुन्या पेठा एकीकडे आणि पूर्वेला लष्करी छावणी दुसरीकडे. छावणीचा कायदा, कर आणि अधिकारी वेगळे. हडपसरकडे जाणारा रस्ता या छावणीच्या कडेने जातो, त्यामुळे गाव आणि पेठा यांच्या मध्ये एक तिसरी सत्ता कायमची येऊन बसली. ती आजही कटक मंडळाच्या रूपाने तिथेच आहे. पुण्याची नगरपालिका १८५७ मध्ये स्थापन झाली. त्याच्या थोडे आधी, १८५० च्या सुमारास, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून संगमाखाली नदीवर बंधारा बांधला गेला, आणि त्यामागे साठलेले पाणी छावणीला व शहराला मिळू लागले. मुळा-मुठेच्या प्रवाहाला अडवून शहरासाठी पाणी घेण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न ठरला.

खरा पालट त्यानंतर दोन दशकांनी झाला. कर्नल फाइफ यांच्या आराखड्यानुसार खडकवासल्याला मुठेवर दगडी धरण बांधण्याचे काम १८६९ मध्ये सुरू झाले आणि १८७९ पर्यंत पूर्ण झाले. त्यातून निघालेला उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने, शहराच्या दक्षिण अंगाने वाहत हडपसरला आला आणि पुढे लोणी, उरुळी कांचन, यवत अशा कोरडवाहू पट्ट्यात शिरला. एकच कालवा वरच्या टोकाला शहराची तहान भागवणार आणि खालच्या टोकाला शेत भिजवणार, ही योजना कागदावर सुबक होती. तिच्यात पुढच्या दीडशे वर्षांचे भांडणही पेरलेले होते, कारण शहर वाढत जाणार होते आणि कालवा तेवढाच राहणार होता.

या टप्प्यावर एका व्यक्तीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते सरकारी बांधकामांचे कंत्राटदार होते, १८७० च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवले होते, आणि हडपसरला लागून असलेल्या मांजरीत त्यांची स्वतःची शेती होती. म्हणजे पाणी अडवणारे काम, शहरात पाणी वाटणारी सभा आणि कालव्याखाली पाण्याची वाट पाहणारे शेत, या तिन्ही जागांचा अनुभव एकाच माणसाच्या गाठीशी होता. पुण्याच्या कारभाराच्या इतिहासात असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे. १८८३ मध्ये त्यांनी पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात पाटबंधारे खात्यावर जी टीका येते, तिचे वजन या अनुभवातून आले आहे. खाते पाण्याचे पैसे घेते, पण पिकाला हवे तेव्हा पाणी देण्याची हमी घेत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आणि प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या मानाने तोटीतून मोजून पाणी द्यावे, असा उपायही त्यांनी सुचवला होता. पाणी मोजून द्यावे आणि देणाऱ्याने वेळेची जबाबदारी घ्यावी, ही मागणी आज ऐकली तरी कालच लिहिल्यासारखी वाटते, याचे कारण हडपसर ते इंदापूर या पट्ट्यात आवर्तन, म्हणजे कालव्यातून पाणी सोडण्याची पाळी, कधी मिळणार हा प्रश्न दर उन्हाळ्यात नव्याने विचारला जातो.

कालव्याने हडपसर-मांजरीचा माळ बागायती केला. ऊस, भाजीपाला, फुले आणि पुढे फळबागा यांचा हा पट्टा शहराच्या मंडईला माल पुरवू लागला, आणि उलट दिशेने शहराच्या मैल्यापासून केलेले सोनखत उसाच्या मळ्यांत येऊ लागले. शहर आणि शेत यांच्यातली ही देवाणघेवाण घाणेरडी वाटली तरी तिच्यात हिशेब होता, कारण शहराने टाकून दिलेल्या वस्तूला गावात किंमत होती. ऊससंशोधनाची परंपरा मांजरीत टिकली, आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था तिथेच उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर जुनी नगरपालिका आणि उपनगर नगरपालिका एकत्र करून १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका स्थापन झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. पुनर्बांधणीनंतर पाणीव्यवस्था पूर्वीपेक्षा मोठ्या प्रमाणावर उभी राहिली: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, साठा आणि इंदापूरपर्यंत २०२ किलोमीटर लांबीचा नवा मुठा उजवा कालवा. साठच्या दशकात हडपसर-मुंढव्याची शेते कारखान्यांना जागा देऊ लागली. भारत फोर्ज १९६१ मध्ये आणि सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये स्थापन झाली. कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या जमिनीला आता पिकापेक्षा भूखंड म्हणून अधिक भाव येऊ लागला.

या बदलाला हडपसरने दिलेले एक उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर सलग जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात भागधारक होऊन कंपनी उभारली आणि २००० सालच्या सुमारास स्वतःच नगर वसवायला घेतले. जमीन मालकांच्या हातून निसटली नाही, ही त्याची मोठी बाजू. नियोजनाचे काम मात्र त्या आवारापुरते राहिले. आवाराबाहेरचा रस्ता, नाला आणि नदी यांची जबाबदारी महापालिकेवरच होती, आणि तिथे त्याच दर्जाचे काम झाले नाही, हे सोलापूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला सांगावे लागत नाही.

महापालिकेच्या हद्दीचा इतिहास पाहिला तर नियोजनापेक्षा ओढाताणच जास्त दिसते. १९९७ मध्ये भोवतालची अडतीस गावे महापालिकेत घेतली आणि २००१ मध्ये त्यांतली पंधरा पूर्णपणे व पाच अंशतः वगळली. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावे पुन्हा आत आली, त्यांत हडपसरची साडेसतरा नळी, मुंढव्याचा उरलेला भाग, फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांचा समावेश होता. जून २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक, शेवाळेवाडी यांसह आणखी तेवीस गावे घेतल्यावर महापालिकेचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले आणि ते मुंबई महापालिकेपेक्षाही मोठे झाले. त्यानंतर मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुकांअभावी काही वर्षे कारभार प्रशासकाच्या, म्हणजे शासननियुक्त अधिकाऱ्याच्या, एकट्याच्या हाती राहिला. नव्याने आलेल्या गावांची ग्रामपंचायत गेली होती आणि महापालिकेत त्यांच्या वतीने बोलणारा निवडलेला माणूस नव्हता. २०२४ मध्ये फुरसुंगी व उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगर परिषद करण्यात आली. पूर्व भागासाठी वेगळी महापालिका हवी, ही हडपसरची मागणी याच अनुभवातून येते आणि ती केवळ राजकीय महत्त्वाकांक्षा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे.

कारण शहराचा सर्वांत जड भार याच दिशेने ढकलला गेला. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोत वर्षानुवर्षे पुण्याचा कचरा जाऊन पडला, विहिरींचे पाणी बिघडले आणि ग्रामस्थांनी वारंवार गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराने कचरा जिथल्या तिथे जिरवण्याचा विषय गांभीर्याने घेतला. सांडपाण्याची कथा त्याहून गुंतागुंतीची आहे. जलसंपदा विभागाशी झालेल्या करारानुसार महापालिकेला धरणांतून वर्षाला साडेअकरा टीएमसी पाणी मंजूर होते, आणि त्या बदल्यात साडेसहा टीएमसी सांडपाणी प्रक्रिया करून शेतीसाठी परत देण्याची अट होती. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे नदीतले पाणी पंपाने उचलण्याची विहीर, बांधली गेली. तिथून उचललेले पाणी हडपसरच्या बाजूने जुन्या मुठा उजव्या कालव्यात सोडले जाते. १८७० च्या दशकातला हा कालवा शेतकरी आज ‘बेबी कालवा’ म्हणून ओळखतात.

तत्त्व म्हणून ही योजना उत्तम आहे. वापरलेले पाणी शुद्ध होऊन शेतात गेले तर धरणातले तेवढे पाणी वाचते आणि सोनखताच्या काळातला जुना हिशेब नव्या रूपात परत येतो. परंतु जॅकवेल पाणी उचलते ते नदीतून, आणि नदीत प्रक्रिया झालेले व न झालेले सांडपाणी एकत्र वाहत असते. त्यामुळे लोणी-उरुळी कांचनच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला अनेकदा काळे, फेसाळ पाणी येते, आणि महापालिका मात्र ते परत दिलेले पाणी म्हणून मोजते. दुसरीकडे शहराची उचल मंजूर कोट्यापेक्षा जास्त राहिली आणि खालच्या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या तक्रारी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापर्यंत, म्हणजे २००५ च्या कायद्याने पाणीवाटपाचे वाद ऐकण्यासाठी नेमलेल्या संस्थेपर्यंत, गेल्या. २०१६ मध्ये केंद्र सरकारने जपानी कर्जातून ९९० कोटी रुपयांची नदीसुधार योजना मंजूर केली. तीत रोज एकूण ३९.६ कोटी लिटर क्षमतेची अकरा नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे धरली होती आणि मुंढवा व खराडी ही त्यांतली दोन ठिकाणे होती. कामाला मात्र अनेक वर्षांचा विलंब झाला.

धरण जलसंपदा विभागाकडे, नळ आणि गटार महापालिकेकडे, मधला पट्टा कटक मंडळाकडे, हद्दीबाहेरचे नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, प्रदूषणाची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि फुरसुंगी आता स्वतःच्या नगर परिषदेकडे, अशी आजची विभागणी आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटून वस्तीत पाणी शिरले, तेव्हा देखभाल कोणाची यावरून विभागांनी एकमेकांकडे बोट दाखवले. आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा काढून शहरातला कालवा बंद करण्याची जलसंपदा विभागाची योजना आहे. गळती आणि चोरी थांबून वाचणारे पाणी शेतीला देता येईल, असे तिचे समर्थन आहे, आणि ते खरे ठरू शकते. मात्र वाचलेल्या पाण्यावर पहिला हक्क लोणी-यवत-इंदापूरच्या आवर्तनाचा की वाढत्या शहराचा, बंद झालेल्या कालव्याची शहरातली लांबलचक जमीन कोणाच्या ताब्यात जाणार, आणि मुंढव्याहून बेबी कालव्यात पडणाऱ्या पाण्याची शुद्धता शेतकऱ्याला पाहता येईल अशा रीतीने रोज कोण मोजणार, या तिन्ही गोष्टी बोगद्याचे काम सुरू होण्याआधी लेखी ठरल्या पाहिजेत, आणि त्या ठरवताना हडपसर, मांजरी व फुरसुंगीच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची सही त्या कागदावर असली पाहिजे.