रोहूची वाढ

गंगेच्या खोऱ्यातील रोहू पावसाळी पुरात अंडी घालतो. साचलेल्या तळ्यात त्याचे प्रजनन होत नाही. म्हणून महाराष्ट्रातील तळ्यांत त्याची बोटुकली आणून सोडतात. पिलू असताना तो पाण्यातील सूक्ष्म जीव खातो. मोठेपणी शेवाळ व कुजक्या वनस्पतींवर जगतो. जबड्यात दात नसल्याने घशातील दातांनी अन्न रगडतो. पुरेसे अन्न मिळाल्यास वर्षभरात सुमारे १ किलो भरतो. मात्र एकाच मादीची पिले विरळ सोडली तर फोफावतात, दाटीत खुरटतात. बीज तेच, कमी पडते ती जागा आणि अन्न. वाढ जन्मावर ठरते, हे मत आम्ही म्हणूनच नाकारतो. वसतिगृहातील मुलांचे ताट आणि अभ्यासाची जागा आम्ही जपतो, ते याच जाणिवेने.