गर्दीच्या वेळेतील मर्यादित बससेवा : वेळेची बचत आणि तिची वाटणी
(विशेष संदर्भ : बेस्ट उपक्रम, मुंबई)

प्रस्तावना :

महानगरातील नोकरदार, कष्टकरी व विद्यार्थी यांच्या दैनंदिन जीवनात प्रवासाचा वेळ हा एक स्वतंत्र खर्च असतो. तो पैशात मोजला जात नाही, म्हणून कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. परंतु झोप, अभ्यास, घरकाम आणि विश्रांती यांच्या वाट्यातूनच तो वसूल होतो. हा खर्च कमी करण्यासाठी शहर बसवाहतुकीने शोधलेला एक जुना व साधा उपाय म्हणजे मर्यादित थांब्यांची बस होय. मुंबईकर तिला 'लिमिटेड' या नावाने ओळखतात, तर फलकावर मार्गक्रमांकाला 'मर्यादित' असे जोडलेले असते. मार्ग तोच, रस्ता तोच, वाहनही बहुधा तसेच. फरक इतकाच की ही बस मधले अनेक लहान थांबे गाळून पुढे जाते.

सोमवार ते शुक्रवार सकाळी व सायंकाळी, जेव्हा या सेवेची सर्वाधिक गरज असते, तेव्हा तिच्यामुळे खरोखर किती वेळ वाचतो? वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो? या प्रश्नांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये व विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली मोटारबस धावली. वाढत्या प्रवासीसंख्येला सामावून घेण्यासाठी १९३७ मध्ये दुमजली बस आणण्यात आली आणि १९४० मध्ये कुलाबा ते माहीम या मार्गावर मर्यादित थांब्यांची बस सुरू झाली. भारतातील अशा प्रकारची ती पहिली सेवा मानली जाते. १९४७ मध्ये ही संपूर्ण व्यवस्था मुंबई महानगरपालिकेकडे आली व 'बेस्ट' हा महापालिकेचा उपक्रम झाला.

वरील क्रम अर्थपूर्ण आहे. दुमजली बसने एका फेरीत अधिक माणसे नेण्याचा प्रश्न हाताळला, तर मर्यादित बसने तीच माणसे लवकर नेण्याचा. त्या काळी माहीम हे शहराचे उत्तर टोक होते. पुढे १९५० व १९५७ मध्ये उपनगरे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली, शहराची लांबी वाढली आणि त्याबरोबर दर चारपाचशे मीटरवर थांबणाऱ्या बसने दूरचा प्रवास करणे अधिकाधिक कष्टप्रद होत गेले. मर्यादित बसची उपयुक्तता या लांबीतून वाढली.

वेळ नेमका कोठे वाचतो?

मर्यादित बस 'वेगाने' धावते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती साध्या बसपेक्षा वेगाने धावत नाही. ती कमी वेळा थांबते. एका थांब्यावर जाणाऱ्या वेळेचे दोन भाग पडतात. पहिला भाग स्थिर स्वरूपाचा असतो. वेग कमी करणे, गाडी डावीकडे घेणे, थांबणे आणि पुन्हा वाहनांच्या प्रवाहात शिरून वेग घेणे यांत जाणारा वेळ एकच प्रवासी चढला तरी खर्च होतो. दुसरा भाग प्रवासीसंख्येवर अवलंबून असतो. जितके लोक चढतील व उतरतील तितके सेकंद अधिक लागतात.

हा भेद उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एक मार्ग २० किलोमीटरचा आहे, साध्या बसचे थांबे ४०० मीटर अंतरावर आहेत व मर्यादित बसचे १,२०० मीटर अंतरावर आहेत, असे मानू. साधी बस सुमारे ५० ठिकाणी आणि मर्यादित बस सुमारे १७ ठिकाणी थांबेल. प्रत्येक थांब्याचा स्थिर वेळ अर्धा मिनिट धरल्यास ३३ थांबे गाळल्याने सुमारे १६ मिनिटे वाचतात. साध्या बसला ९० मिनिटे लागत असतील, तर मर्यादित बस ७४ मिनिटांत पोहोचेल.

उपक्रमाच्या दृष्टीनेही ही बचत मोलाची आहे. दोन्ही टोकांना प्रत्येकी १० मिनिटांचा थांबा धरल्यास साध्या बसची जाऊन-येऊन फेरी २०० मिनिटांची, तर मर्यादित बसची १६८ मिनिटांची होते. दर १० मिनिटांनी बस सोडायची असल्यास पहिल्या सेवेला २० गाड्या लागतील, दुसरीला १७ पुरतील. तीन गाड्या, त्यांचे चालक व वाहक इतरत्र वापरता येतात.

गर्दीच्या वेळी बचत का घटते?

वरील हिशेब मोकळ्या रस्त्याचा व समान गर्दीचा आहे. ऐन गर्दीच्या वेळी तीन कारणांनी तो बदलतो.

पहिले कारण म्हणजे, थांबे कमी झाले म्हणून चढणारी माणसे कमी होत नाहीत. गाळलेल्या थांब्यांवरील काही प्रवासी चालत मोठ्या थांब्यावर येतात. त्यामुळे प्रत्येक थांब्यावरील चढउतारीचा वेळ वाढतो. स्थिर वेळ वाचतो, पण प्रवासीसंख्येवर अवलंबून असणारा वेळ केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकतो. आतली मधली जागा भरलेली असेल, तर शेवटचे चारपाच प्रवासी पायरीवरून आत सरकेपर्यंतच बरेच सेकंद जातात.

दुसरे कारण रस्त्याचे आहे. मुंबईकराला 'जलद' आणि 'धीमी' हा भेद उपनगरी रेल्वेने शिकविला आहे. परंतु चर्चगेट ते बोरिवली किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते कल्याण या पट्ट्यात जलद लोकलला स्वतंत्र रूळ आहेत. धीमी लोकल पुढे असली तरी जलद लोकल तिच्या बाजूने निघून जाते. मर्यादित बसला असा स्वतंत्र मार्ग नसतो. पुढे साधी बस थांब्यावर उभी असेल, उजवीकडे मोटारींची रांग असेल आणि डावीकडे रिक्षा उभ्या असतील, तर गाळलेल्या थांब्यावरही मर्यादित बस खोळंबतेच. कागदावर तेथे तिचा थांबा नसतो, रस्त्यावर मात्र असतो. सिग्नल व कोंडी यांत जाणारा वेळ तर दोन्ही बसना सारखाच असतो. जेथे उड्डाणपूल आहेत तेथे पुलाखालील थांबे गाळून जाणाऱ्या बसला खरा लाभ होतो, कारण तेथे तिला निराळा रस्ता मिळतो.

तिसरे कारण म्हणजे अनियमितता. एखादी बस काही मिनिटे उशिरा आली की थांब्यावर तेवढे अधिक प्रवासी जमतात. त्यांना घेताना तिला आणखी उशीर होतो आणि मागची बस तिला येऊन मिळते. दर १० मिनिटांनी येणारी बस नियमित असेल, तर प्रवाशाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. मात्र त्याच बस जोडीने येऊ लागल्या, म्हणजे २० मिनिटांच्या अंतराने दोन-दोन, तर सरासरी प्रतीक्षा १० मिनिटांची होते. ताशी बसची संख्या तीच, पण प्रतीक्षा दुप्पट. प्रवासात वाचलेली मिनिटे अशा रीतीने थांब्यावरच खर्ची पडतात.

प्रवाशाच्या दृष्टीने हिशेब :

मर्यादित बसचा लाभ प्रवासाच्या लांबीवर अवलंबून असतो. वरील उदाहरणात प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे ०.८३ मिनिट वाचते. परंतु थांब्यांतील अंतर वाढल्यामुळे चालणेही वाढते. मार्गालगत वस्ती सारखी पसरली असल्यास जवळच्या थांब्यापर्यंतचे सरासरी अंतर दोन थांब्यांमधील अंतराच्या एक चतुर्थांश असते. ते साध्या बससाठी १०० मीटर, तर मर्यादित बससाठी ३०० मीटर होते. मिनिटाला ८० मीटर या गतीने दोन्ही टोकांचे जादा चालणे ५ मिनिटांचे होते. ही ५ मिनिटे भरून निघण्यासाठी किमान ६ किलोमीटरचा प्रवास हवा. त्याहून कमी अंतराला साधी बस सोयीची ठरते. मर्यादित बस दर २० मिनिटांनी व साधी दर १० मिनिटांनी येत असेल आणि प्रवासी केवळ मर्यादित बसचीच वाट पाहत राहिला, तर प्रतीक्षेची आणखी ५ मिनिटे जमेस धरावी लागतात व हे अंतर १२ किलोमीटरवर जाते.

यातून एक व्यवहारी नियम निघतो. दोन्ही बस थांबतात अशा थांब्यावर साधी बस समोर आली असता उरलेल्या किलोमीटरमागे पाऊण ते एक मिनिट या दराने संभाव्य बचत मोजावी. सहा किलोमीटर जायचे असेल आणि मर्यादित बस पाच मिनिटांत येण्याची खात्री नसेल, तर साधी बस सोडणे फायद्याचे नाही. पूर्वी हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागे. बस कोठे आहे हे मोबाइल अ‍ॅपवर दिसू लागल्यापासून तो काहीसा सोपा झाला आहे. तथापि, गाडीत पाय ठेवायला जागा आहे की नाही, हे शेवटी थांब्यावरच कळते.

मर्यादित बसचा आणखी एक गुण येथे नोंदविला पाहिजे. लांबच्या प्रवाशाला बसण्याची जागा मिळाल्यास वारंवार होणारी चढउतार, धक्के व गचके कमी होतात. वाहकालाही दोन थांब्यांच्या दरम्यान तिकिटे देण्यास पुरेसा अवधी मिळतो. ही सोय मिनिटांत मोजता येत नाही, पण रोज दीड तास प्रवास करणाऱ्याला ती जाणवते.

गाळलेल्या थांब्यावरील प्रवासी :

आतापर्यंतचा हिशेब बसमध्ये चढू शकणाऱ्यांचा झाला. जो थांबा गाळला जातो तेथील प्रवाशाचे काय? मार्गावर ताशी १२ साध्या बस असतील, तर दर ५ मिनिटांनी एक बस मिळते. त्यांपैकी चार मर्यादित केल्या, तर लहान थांब्यावर ताशी ८ बस उरतात आणि दोन बसमधील अंतर साडेसात मिनिटांवर जाते. या प्रवाशाचा प्रवास मुळीच जलद झालेला नाही. त्याची प्रतीक्षा मात्र वाढली आहे. समोरून भरलेली मर्यादित बस न थांबता निघून जाताना पाहणे हा त्याचा रोजचा अनुभव असतो.

लहान थांब्यावर कोण उभे असते हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. घरकामासाठी दोनतीन इमारतींत जाणाऱ्या स्त्रिया, महानगरपालिकेच्या दवाखान्यात निघालेले वृद्ध, शाळेतील मुले, जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थी यांचे प्रवास बहुधा लहान असतात. चारशे मीटर जादा चालणे तरुण नोकरदाराला किरकोळ वाटेल. गुडघे दुखणाऱ्या वृद्धेला किंवा कडेवर मूल असलेल्या स्त्रीला ते तसे नाही. म्हणजेच मर्यादित बसने वाचविलेला वेळ काही अंशी दूरच्या प्रवाशाला जवळच्या प्रवाशाकडून मिळालेला असतो.

याचा अर्थ दूरचा प्रवासी सुखवस्तू असतो असा मात्र नाही. परवडणारे घर शहराच्या कडेला मिळते, म्हणून अनेकांना लांबचा प्रवास करावा लागतो. रेल्वेस्थानकापासून दूर असलेल्या वस्त्यांना आणि पूर्व-पश्चिम प्रवास करणाऱ्यांना मर्यादित बस हाच दीर्घकाळ आधार राहिला आहे, कारण मुंबईची उपनगरी रेल्वे प्रामुख्याने उत्तर-दक्षिण धावते. त्यामुळे प्रश्न एका वर्गाचा दुसऱ्याविरुद्ध नाही. अपुऱ्या गाड्या दोन गरजांत कशा वाटायच्या, हा आहे.

बदलती परिस्थिती :

ही वाटणी अलीकडच्या काळात अधिक अवघड झाली आहे. २०१० च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांहून अधिक बस होत्या. २०२५ मध्ये ती संख्या तीन हजारांच्या खाली आली. गाड्या पुरेशा असताना मर्यादित बस ही साध्या बसच्या जोडीला दिलेली भर असते; गाड्या घटल्या की ती साध्या बसची जागा घेते. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ रुपये करण्यात आले होते. मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले. भाडे वाढले आणि प्रतीक्षाही वाढली, तर जवळचा प्रवासी शेअर रिक्षाकडे वळणे स्वाभाविक आहे.

दुसरीकडे, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली आणि आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने खुली झाली. ज्या पट्ट्यांत मेट्रो आली तेथे लांब पल्ल्याच्या जलद प्रवासाचे काम तिने उचलले. अशा पट्ट्यांत मेट्रोच्या समांतर धावणाऱ्या मर्यादित बसपेक्षा स्थानकाला वस्तीशी जोडणारी व वारंवार येणारी साधी बस अधिक मोलाची ठरते. जेथे रेल्वे नाही व मेट्रोही नाही, तेथे मर्यादित बसची गरज पूर्वीइतकीच आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. मर्यादित बसचा लाभ थांबण्यातील स्थिर वेळेच्या बचतीतून येतो. चढउतारीचा व कोंडीचा वेळ ती वाचवू शकत नाही.

२. लांबच्या प्रवासाला ती उपयुक्त व जवळच्या प्रवासाला प्रतिकूल ठरते. म्हणून तिचे थांबे प्रतिष्ठित ठिकाणांवरून न ठरविता प्रत्यक्ष चढउतार व मार्गबदल जेथे अधिक होतो, त्या ठिकाणांवरून ठरविणे योग्य होय.

३. साध्या बसच्या फेऱ्या कापून मर्यादित फेऱ्या वाढविल्यास लहान थांब्यावरील प्रवाशावर अन्याय होतो. नवी मर्यादित फेरी ही शक्यतो जादा फेरी असावी.

४. बोगोटा शहरात २००० मध्ये सुरू झालेल्या ट्रान्समिलेनिओ व्यवस्थेत स्वतंत्र मार्गिका व थांब्यांपाशी पुढे निघून जाण्याची सोय असल्याने तेथील जलद बस साध्या बसला मागे टाकू शकते. मुंबईतही निदान गर्दीच्या तासांपुरती बसला राखीव मार्गिका मिळाल्याशिवाय मर्यादित बसला 'जलद' होता येणार नाही.

सकाळच्या पहिल्या तासिकेला उशिरा येणारा विद्यार्थी लांबून मर्यादित बसने आलेला असेल किंवा जवळच्याच लहान थांब्यावर ती निघून जाताना पाहत उभा राहिलेला असेल. हजेरीपटात दोघांच्या नावापुढे एकच खूण पडते. त्या खुणेमागे विद्यार्थ्याचा आळस किती आणि शहराने केलेली वेळेची वाटणी किती, याचा विचार वाहतूक नियोजनाइतकाच शिक्षणक्षेत्रानेही करावयास हवा.