साठ रुपयांत काय कोरायचं?

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका शाळेत रोबोटिक्सची स्पर्धा झाली. समारंभ उरकल्यावर पाहतो तर बाकांवर सोनेरी पदकं तशीच पडलेली. सगळ्यांवर एकच शब्द: ‘सहभाग’. मुलांनी रोबोट जपून घरी नेले होते, पदकं मात्र विसरली. म्हणून यंदा स्पर्धा संपल्यावर विज्ञानाच्या मॅडम कोरीवकामाच्या दुकानात निघाल्या, तेव्हा मीही सोबत गेलो.

बजेट मुलामागे साठ रुपये. एका विश्वस्तांना तेही जास्त वाटत होते. हरलेल्याला कसलं पदक, हा त्यांचा सवाल. सगळ्यांना एकच छाप वाटायचा असेल, तर सवाल रास्त आहे. पण मॅडमच्या वहीत परीक्षकांनी प्रत्येक संघाबद्दल लिहिलेली एकेक ओळ होती. ही कल्पना त्यांनी फर्स्ट लेगो लीगवरून उचललेली. 1998 साली सुरू झालेल्या त्या स्पर्धेत रोबोटला टेबलावर फक्त अडीच मिनिटं मिळतात. परीक्षक मात्र मुलांशी बोलतात आणि रोबोटची रचना, प्रकल्प, आपसातलं वागणं यांवर लेखी शेरे देतात.

दुकानात जळक्या अ‍ॅक्रिलिकचा गोडसर, घशाला झोंबणारा वास. लेसर मशीनवर विशीतला एक मुलगा. मोबाइलवरून आलेला मजकूर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटत होती, त्यामुळे तो सगळं श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करत होता. म्हणजे प्रत्येक ओळ त्याला वाचावीच लागली.

एका ओळीपाशी तो थांबला: ‘उन्हाला चकवणारा काळा घागरा’.

“मॅडम, हे बरोबर आहे ना?”

मॅडमनी समजावलं. काळ्या रेघेवरून चालणाऱ्या रोबोटचा सेन्सर जमिनीवर अवरक्त किरण सोडतो. पांढरी फरशी ते परत पाठवते, काळी रेघ गिळून टाकते. एवढ्यावर त्याला वाट कळते. उन्हातही तेच किरण असतात. ही ओळ ज्या संघाची, त्यातल्या मुलींचा रोबोट खिडकीजवळ आला की बिथरायचा. दोन फेऱ्या वाया गेल्या. मग त्यांनी काळा कार्डपेपर कापून सेन्सरभोवती गुंडाळला आणि तिसऱ्या फेरीत रोबोट शेवटपर्यंत गेला.

“नंबर कितवा आला?”

“शेवटून दुसरा.”

त्याने ओळ निवडली आणि अक्षरं दोन पॉइंटांनी मोठी केली. कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्याच ओळी अशा नव्हत्या. दोन-तीन ठिकाणी नुसतं ‘छान प्रयत्न’. मॅडमनी त्या खोडल्या आणि तिथूनच परीक्षकांना फोन लावले. एकाला आठवलं, त्या संघाने आपली चार्ज केलेली बॅटरी शेजारच्यांना दिली होती. तेवढं पुरे होतं.

साठ रुपयांत नाव, संघ आणि ओळ बसेना. लेसरचा दर मिनिटावर असतो. मग मखमली खोकं गेलं, फीत गेली, सोनेरी कडा गेली. उरली पारदर्शक पट्टी आणि तिच्यावरचा मजकूर. साठ रुपयेच.

विश्वस्त अजून कुरकुरतात, कारण पट्ट्या समारंभात नाही, आठवड्याने वर्गात वाटल्या गेल्या. त्याला इलाज नाही. संयोजकांनो, पट्ट्या आधी कापून ठेवा, पण मजकूर स्पर्धा झाल्यावरच कोरायला द्या. आणि परीक्षकांना सकाळीच वही-पेन द्या. दुपारपर्यंत त्यांच्या लक्षात फक्त पहिले तीन नंबर राहतात.