आरसा आणि ‘मी’

मांजराच्या पिल्लासमोर आरसा ठेवला, तर ते अंग फुगविते, पंजा मारते, आरशामागे जाऊन शोध घेते. पुढे मात्र त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मग त्याला ‘मी’ची जाणीव नाही, असे म्हणावयाचे काय?

१९७० साली गॉर्डन गॅलप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, दहा दिवस आरशाचा सहवास घडलेल्या चिंपांझींना गुंगी देऊन त्यांच्या भुवईवर व कानावर तांबडा रंग लावला. शुद्धीवर येताच आरशात पाहून त्यांनी हात लावला तो स्वतःच्या अंगावरील डागाला! समोरचा प्राणी परका नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

कुत्री या परीक्षेत उतरत नाहीत. परंतु कुत्र्याचे जग डोळ्यांपेक्षा नाकाचे. म्हणून अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २०१७ मध्ये त्यांच्यापुढे जणू वासाचा आरसा धरला. स्वतःच्या मूत्राचा वास कुत्र्यांनी थोडाच वेळ हुंगला. त्यात परका वास मिसळताच ती अधिक वेळ रेंगाळली.

एवढ्याने कुत्र्याचे आत्मभान सिद्ध होत नाही, हे खरे. पण प्रश्न कोणत्या इंद्रियाला विचारावा, हे तरी उमगते. जन्मांधाला आरशात काही दिसत नाही, म्हणून त्याला ‘मी’ नाही असे आपण म्हणत नाही. मग मुक्या जनावराविषयीच निकालाची घाई का?